मधलीचं झबलं

मधली पुन्हा रुसली. मोठ्या स्वयंपाकीणबाईंनी वल्ह्याएवढ्या पळीने तिच्या कडेवर तीनदा ठणठण करून ही बातमी सगळ्या भटारखान्याला दिली.

"या, बघा या! कडेला बुडबुडे आणि मधे थंडगार तळं! बदकं सोडा आता यात, बदकं!"

मधली म्हणजे इस्पितळाच्या भटारखान्यातली मधली केटल. भिंतीशी तिघी ओळीने उभ्या: थोरली, मधली आणि धाकटी. केटल म्हटल्यावर चहाची किटली डोळ्यांपुढे आणू नका. एकट्या मधलीत दोनशे लिटर सूप मावतं. भांड्याला दोन भिंती. त्यांच्या मधल्या पोकळीत बॉयलरची वाफ शिरते, आतल्या भांड्याला ऊब देते, ऊब देऊन दमली की तिचं पाणी होतं, आणि ते पाणी तळाशी बसवलेल्या एका लोखंडी गड्ड्यातून बाहेर पडतं. त्या गड्ड्याला म्हणतात ट्रॅप. ट्रॅप हा दारावरचा शिपाई: पाण्याला जाऊ द्यायचं, वाफेला अडवायचं. शिपाई झोपला की पाणी आतच तुंबतं, वाफेला जागा उरत नाही, आणि वर सुपात बदकं सोडायची वेळ येते.

"वन्सं, पळी जरा हळू," मधलीच्या पोटाखालून आवाज आला. बाहेर फक्त दोन पाय दिसत होते. "माझं डोकं आत आहे."

"आत आहे म्हणूनच वाजवली. चार आठवडे झाले, वहिनी. डोकं बाहेर ठेवून काय उजेड पडला?"

पाय मिस्त्रीताईंचे. पळीवाल्या बाई त्यांच्या सख्ख्या नणंद. इतरांच्या नणंदा दूर कुठे नांदत असतात, वर्षातून दोनदा येतात, चार टोमणे मारून परत जातात. मिस्त्रीताईंची नणंद रोज सकाळी सातला ड्यूटीवर हजर.

मिस्त्रीताईंना कुणी 'मिस्त्रीण' म्हटलं तर त्या ओ देत नसत. "मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको," त्या म्हणायच्या. "माझा नवरा बस कंडक्टर होता. त्याला साधा नळ बंद करता येत नाही. मिस्त्री मी आहे."

एकतीस वर्षांपूर्वी त्या इथे भांडी घासायला आल्या होत्या. तेव्हाचे मोठे मिस्त्री बॉयलरशेजारी जन्म काढून ठार बहिरे झालेले. ट्रॅपची नाडी बघायची म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाशी धरायची आणि आतली कुजबुज ऐकायची. म्हाताऱ्याला ढोलसुद्धा ऐकू येत नव्हता, मग कुजबुज कुठली! एके दिवशी त्यांनी भांड्यांच्या ढिगातून या पोरीला हाक मारली, कानाशी मूठ लावली आणि विचारलं, "काय म्हणतोय?"

पोरीने ऐकलं. आता बहिऱ्याला आवाज सांगायचा कसा? तिने गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि तोंडभर करून दाखवला. "खळ्ळ… खळ्ळ… टप्प! फूऽऽस!"

"किती वेळाने?"

पोरीने बोटं मोजत पुन्हा केला. म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. "बादली बरोबर पडतेय. हा ठीक आहे. चल पुढच्याकडे."

तेव्हापासून तिला सगळ्यांचे आवाज पाठ. गळका ट्रॅप कसा सुस्कारतो, अडकलेला कसा मुका होतो, गंज खाल्लेला कसा म्हाताऱ्या माणसासारखा दातांतून शीळ घालतो. तिची सोंगं बघायला परिचारिका जिन्यावर उभ्या राहायच्या. मोठे मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी तोंडं वाकडी केली: बाईच्या हातात पाना द्यायचा? म्हाताऱ्याने टेबलावर स्क्रूड्रायव्हर ठेवला. "पाना मी धरायचो," तो म्हणाला. "दुरुस्ती हीच करत होती. बारा वर्षं." आणि घरी गेला.

तर अशा मिस्त्रीताई, आणि त्यांना मधलीने चार आठवडे नाचवलं होतं.

दुखणं सुरू झालं ते जुना ट्रॅप झिजल्यावर. त्याच्या आत एक उलटी बादली होती, ती तरंगायची, पडायची, टप्प करायची. स्टोअरवाल्याने नवा दिला. "जुना आता बनत नाही, ताई. हा मुठीएवढा आहे, पण काम तेच." नव्याच्या आत बादली नव्हती, रुपयाएवढी एक बंद डबी होती. ताईंनी बसवला, वाफ सोडली, ऐकला. "फस्… फस्… फस्." आवाज वेगळा होता, पण तब्येत छान. त्याचे बंद बांधले आणि त्या धाकटीकडे वळल्या.

बंद बांधले, म्हणजे झबल्याचे. त्याचीही गंमत आहे. ट्रॅप नडगीच्या उंचीवर बाहेर डोकावतो. नऊ वर्षांपूर्वी सूप ढवळताना वन्संची नडगी त्याला टेकली आणि जिभेच्या आकाराचा डाग कायमचा राहिला. दुसऱ्या दिवशी तिन्ही ट्रॅपच्या अंगात झबली होती: लाँड्रीतलं जाड कापड दुहेरी करून, आत काचेचा कापूस भरून, वर टाके मारून, चार-चार बंद लावलेली. वन्संनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बंद उलट्या बाजूला लावलेत." बस, तेवढंच. पण त्या दिवसापासून रोज सकाळी फरशी धुऊन झाली की झबल्यांचे बंद वन्सं स्वतः बघायच्या, सैल असले की आवळायच्या. त्या कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

मधली बिघडल्यावर ताईंनी काय नाही केलं! दाबाचं घड्याळ पाहिलं, काटा जागच्या जागी. तरी खोटं बोलत असेल म्हणून घड्याळच बदललं, नव्याचाही काटा तिथेच. वाफेच्या वाटेवरची गाळणी उघडली, चमचाभर गंज निघाला, तो चमचा वन्संना दाखवला. ("आता हा सुपात घालू का?") हवा सोडायची तोटी उघडली, हवा निघून गेली, मधली होती तशीच. शेवटी ट्रॅपला वळसा घालणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडला, आणि मधली बघता बघता उकळली.

"म्हणजे वाफ येतेय, पाणी जात नाहीये," ताई म्हणाल्या. "चोर ट्रॅपच आहे."

"मग ठेव ना तो व्हॉल्व्ह उघडा!"

"आणि बॉयलरची निम्मी वाफ गटारात? पलीकडे लाँड्री थंड पडेल, वन्सं. चोराला धरायचं, घर नाही विकायचं."

चोराला धरलं. झबलं सोडलं, ट्रॅप उकलला, डबी काढली, उकळत्या पाण्यात बुडवली, वर काढली. पाण्यात डबी फुगली, बाहेर आल्यावर आक्रसली. अगदी पुस्तकात असावी तशी. पुन्हा बसवला, समोर बसून दहा मिनिटं ऐकला. फस्, फस्, फस्. सज्जन माणूस! बंद बांधून ताई हात धुवायला गेल्या, आणि परत येतात तो ये रे माझ्या मागल्या. असं एकदा नाही, पाचदा झालं.

"मी बघते तोवर ही काम करते," ताई कपाळ पुसत म्हणाल्या. "मी वळले की बंद. अगदी तुमच्या भावासारखी."

"माझ्या भावाला मधे आणायचं नाही!"

मंगळवारी केटल कंपनीचा साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पिस्तुलासारखं तापमान मोजायचं यंत्र. त्याने लांबूनच मधलीवर ते रोखलं, वर एकदा, खाली एकदा.

"बेसिकली," तो म्हणाला, "वर गरम आहे, खाली थंड आहे."

"ते बदकंही सांगतील," वन्सं पुटपुटल्या.

"बेसिकली जॅकेट थकलंय, ही दुहेरी भिंत. आतला पत्रा गेलाय. एकवीस वर्षं म्हणजे बेसिकली लाइफ संपली."

"पत्रा जातो तेव्हा वाफेचं पाणी सुपात गळतं," ताई म्हणाल्या. "गळतंय का? नाही. पत्र्याला काही झालेलं नाही."

"बेसिकली…"

"बेसिकली ट्रॅप आहे. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण पत्रा नाही."

अधीक्षकबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना सगळं थोडक्यात लागायचं. स्वतः मात्र त्या कधी थोडक्यात आवरायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, थोडक्यात सांगायचं तर गुरुवारी भंगाराचा ट्रक येतोय, आणि मधली नसली तर दोन केटलवर तीनशे चाळीस रुग्णांचं जेवण होणं शक्य नाही, आणि होत नसेल तर दुपारचं जेवण बाहेरून डब्यात येईल, आणि तसं झालं तर स्वयंपाकघरातली सहा माणसं लाँड्रीकडे पाठवावी लागतील, त्यात मोठ्या स्वयंपाकीणबाईही आल्या, आणि हे त्यांना आवडतंय असं कुणी समजू नये. पळी धरलेला वन्संचा हात खाली आला. टोमणा असा एकही आला नाही. भटारखान्यात ते फार वाईट लक्षण होतं.

"उद्या सकाळी," मिस्त्रीताई म्हणाल्या. "नऊला गार सूप चढवते. तुम्ही घड्याळ घेऊन या. पंचेचाळीस मिनिटांत उकळलं नाही, तर ट्रकवर मी स्वतः चढवते तिला."

"कारण सापडलंय का?"

"नाही. नऊपर्यंत वेळ आहे."

बुधवारी आठला ताईंनी मधलीचा एकूण एक जोड पुन्हा तपासला. ट्रॅपचं झबलं काढून धाकटीच्या दांड्याला अडकवलं, म्हणजे सांधा पाझरला तर लगेच दिसेल. नऊला वाफ सोडली. अधीक्षकबाई घड्याळ घेऊन मधलीच्या डाव्या अंगाला, साहेब पिस्तूल घेऊन उजव्या अंगाला, वन्सं पळी घेऊन मधोमध. ताई उकिडव्या बसल्या, स्क्रूड्रायव्हर कानाशी.

फस्. फस्. फस्.

"सव्वानऊ," अधीक्षकबाई म्हणाल्या.

"वाफा यायला लागल्या," वन्सं म्हणाल्या. आवाजात टोमणा परत आला होता. "साहेब, तुमचा थकलेला पत्रा बघा कसा घामाघूम झालाय!"

फस्. फस्.

अधीक्षकबाई आत डोकावायला एक पाऊल पुढे सरकल्या. वन्संची नजर खाली गेली, बाईंचा पाय ट्रॅपपासून वीतभर. ताई तेव्हा दाबाच्या घड्याळाचा काटा बघायला उठल्या होत्या. वन्संनी गुपचूप दांड्यावरून झबलं उचललं, वाकल्या, ट्रॅपला घातलं आणि चारही बंद पक्के आवळले. चांगल्या मनाने. नऊ वर्षांची सवय.

ताई परत बसल्या. स्क्रूड्रायव्हर कापडाच्या फटीतून आत टेकवला.

एक फस्. मग बराच वेळ काही नाही. मग काहीच नाही.

"नऊ पंचवीस."

ताईंनी मूठ कानावर आणखी दाबली. मुका. वर कडेला बुडबुडे होते, मधे सूप गप्प होत चाललं होतं. त्यांनी तळावर पालथी मूठ टेकवली. मघाशी चटका बसत होता, आता खुशाल टेकवता येत होती. मग त्यांचं लक्ष समोरच्या बंदांकडे गेलं. नीटनेटक्या चार गाठी. मघाशी नव्हत्या.

ताईंनी मनात जुळवून पाहिलं. डबी गरम झाली की फुगते आणि दार लावते. गार झाली की आक्रसते आणि दार उघडते. उकळत्या पाण्यातून काढली तेव्हा तिला वारा लागला, म्हणून उघडली. आपण तपासायला बसतो तेव्हा झबलं काढून बसतो, तेव्हाही वारा लागतो. आणि तपासून झालं की आपणच प्रेमाने बंद बांधतो. जुन्या बादलीला गार होण्याशी काही देणंघेणं नव्हतं. धाकटीची आणि थोरलीची बादली आजही झबल्यात सुखाने टप्प टप्प करतेय. या नव्याला मात्र श्वास घ्यायला उघडं अंग लागतं. चार आठवडे आपण याला दुलईत गुंडाळून विचारतोय, बाबा रे, तू गार का होत नाहीस?

साहेब बाईंच्या हातातल्या घड्याळाचा फोटो काढत होता. अधीक्षकबाई सुपात बघत होत्या. झबलं हळूच ओढून काढलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. ताईंनी ओढलं, पण वन्संची गाठ, ती अशी सुटते थोडीच! मग त्यांनी खिशातली कात्री काढली आणि चारही बंद कचाकच कापले. त्या आवाजाला सगळे वळले.

"चूक सापडली," ताई मोठ्याने म्हणाल्या. "माझी आहे."

"काय?" वन्सं म्हणाल्या.

"हे झबलं. मीच शिवलं, मीच नव्या ट्रॅपला घातलं. त्याला गार व्हायला वारा लागतो, आणि मी त्याला थंडीतल्या बाळासारखं गुंडाळून ठेवलंय. चार आठवडे."

"आत्ता तर ते मी…" वन्संचा चेहरा पडला.

"तुम्ही बांधलंत म्हणून कळलं. नाहीतर उद्या ट्रक आला असता."

सगळे ट्रॅपकडे बघत राहिले. एक मिनिट. दीड मिनिट. मग आतून मोठं शिंकल्यासारखा आवाज आला, फस्स्! आणि चार आठवड्यांचा राग काढावा तसं पाणी धडाधड वाहायला लागलं.

सूप मधोमध उकळलं तेव्हा नऊ बावन्न झाले होते.

"बेसिकली सात मिनिटं उशीर," साहेब म्हणाला. "टेस्ट फेल."

"फेल," ताई म्हणाल्या. "मान्य. पुन्हा घ्या. सूप थोरलीत ओता, मधलीला गार पाण्याने अंघोळ घाला, दोनशे लिटर गार पाणी भरा."

"मला एवढा वेळ नाही," अधीक्षकबाई म्हणाल्या. "साडेदहाला बैठक आहे, त्याआधी मला दोन वॉर्ड…"

"खुर्ची आणते."

"अहो, पण…"

"वन्सं, बाईंना खुर्ची."

वन्संनी खुर्ची आणली ती अशी आपटली की बसण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मधलीला अंघोळ घातली. दहा वाजून पाचला पुन्हा वाफ सोडली. या वेळी वन्सं पळी बाजूला ठेवून ट्रॅपसमोर आडव्या उभ्या राहिल्या, हात पसरून, कुणाची नडगी जवळ येऊ नये म्हणून. ताई ऐकत होत्या आणि मोठे मिस्त्री समोर असल्यासारखं तोंडाने करून दाखवत होत्या. "फस्… फस्… फस्." साहेबाला राहवलं नाही. तोही उकिडवा बसला, इस्त्रीची पर्वा न करता, आणि स्क्रूड्रायव्हर मागून घेतला.

"ऐकू येतंय?"

"फस्," साहेब म्हणाला. पहिल्यांदाच बेसिकली न लावता.

पाणी दहा शेहेचाळीसला खदखदलं. एक्केचाळीस मिनिटं. अधीक्षकबाई बैठक विसरून वाकून बघत होत्या.

"थोडक्यात काय म्हणायचं मग?"

"थोडक्यात, पत्रा ठणठणीत. ट्रक रिकामा जाऊ द्या."

साहेबाने कागद काढला, 'जॅकेट निकामी' वर रेघ मारली आणि खाली लिहायला लागला. "ट्रॅपवरचं आवरण काढलं, असं लिहितो."

"चुकीने घातलेलं आवरण, असं लिहा," ताई म्हणाल्या. "आणि कुणी घातलं तेही लिहा. पुढच्या मिस्त्रीला कळायला हवं. तो माझ्याएवढा हट्टी असेलच असं नाही."

सगळे गेल्यावर वन्संनी कापलेलं झबलं फरशीवरून उचललं, झटकलं, घडी घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलेलं स्पष्ट दिसत होतं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"ते सगळं ठीक," त्या म्हणाल्या. "माझ्या नडगीचं काय?"

ताई विचार करत होत्या. असं काहीतरी हवं, ज्याच्यातून वारा जाईल आणि पाय जाणार नाही.

संध्याकाळी घरी निवृत्त कंडक्टरसाहेब हातात स्क्रू नसलेला, जाळी नसलेला, पाती उघडी पडलेला टेबलफॅन घेऊन उभे होते. फॅन दोन वर्षं बंदच होता, पण त्यांना तो उद्या नक्की दुरुस्त करायचा होता, गेली दोन वर्षं.

"याची जाळी कुणी उतरवली? जाळी कुठे गेली?"

त्यांची बायको आणि त्यांची बहीण, दोघी स्वयंपाकघरात एकाच पाटीतल्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मधलीला बसली," दोघी एकदम म्हणाल्या.

"कोण मधली?"

"आणि बंद बरोबर बाजूला लावलेत हो या वेळी," वन्सं शेंग मोडत म्हणाल्या. "मी बघून आले."